विषय बदलण्याचा अधिकार



दहावीचा निकाल लागला की श्रीपूर, महाळुंग, माळीनगर, अकलूज या पट्ट्यात घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: कोणती साइड घेणार? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने दोन-चार दिवसांत त्याचे उत्तर द्यायचे असते आणि एकदा दिलेले उत्तर पुढची पंचवीस वर्षे निभवायचे असते, अशी आपली समजूत आहे. मधेच कोणी म्हणाले की हा विषय मला जमत नाही, मला दुसरा घ्यायचा आहे, तर गाव त्याला ‘वर्ष वाया घालवले’ एवढेच म्हणते. आज मला या समजुतीविरुद्ध बोलायचे आहे. महाविद्यालयात विषय बदलणे हा शिक्षणाचाच एक भाग आहे आणि तो विद्यार्थ्याचा अधिकार मानला गेला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. त्याला जोडून दुसरे म्हणणे असे की हा अधिकार आज ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच मिळतो. ज्याला शिष्यवृत्तीवर शिकायचे आहे, ज्याच्या गावापासून महाविद्यालय लांब आहे, जी मुलगी एस.टी.च्या एकाच फेरीवर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी विषय बदलणे जवळजवळ अशक्य आहे. हे असे राहू देणे अन्यायाचे आहे.

आधी निवड कशी होते ते पाहू. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षे सर्वांना समान, सर्वसाधारण शिक्षण द्यावे आणि शाखांची फाटाफूट त्यानंतर व्हावी, अशी मांडणी केली. महाराष्ट्राने १९७०च्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारला. आयोगाची भूमिका मुलांना लवकर वेगळे न करण्याची होती. प्रत्यक्षात मात्र दहावीचा निकाल हेच वेगळे करण्याचे यंत्र बनले. गुण चांगले असले की सायन्स, मध्यम असले की कॉमर्स, कमी असले की आर्ट्स, ही क्रमवारी कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेली नाही, तरी ती प्रत्येक घरात पाळली जाते. तिच्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. इतिहासात किंवा भाषेत ज्याचे खरे मन रमते असा हुशार मुलगा गुणांच्या दडपणाखाली भौतिकशास्त्रात अडकतो. आणि ज्या मुलीला दहावीला आजारपणामुळे किंवा घरच्या कामामुळे साठ टक्के पडले, तिला विज्ञानाची कितीही ओढ असली तरी ते दार बंद होते. शिवाय रस्ता एकेरी आहे. बारावी विज्ञानातून बी.ए.ला, बी.कॉम.ला, विधीला जाता येते. बारावी कला शाखेतून बी.एस्सी.ला मात्र आजवर जाता येत नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५च्या नियमावलीने बारावीचा विषय कोणताही असला तरी त्या-त्या विषयाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदवीला प्रवेश घेता येईल, असे म्हटले आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण ज्या मुलीला अकरावी-बारावीत रसायनशास्त्राचे एकही पुस्तक मिळाले नाही, तिने ती परीक्षा कशाच्या बळावर द्यायची? पूर्वतयारीचा वर्ग कोण घेणार, हे त्या नियमावलीला विचारून उपयोग नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागेल.

आपल्या भागात यात भूगोलाची भर पडते. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यापुरते स्थापन झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते. त्याआधी हा जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेला होता. विद्यापीठ जिल्ह्यात आले, ही सोय खरी. तरीही माळशिरस तालुक्यातल्या विद्यार्थ्याला सोलापूर सुमारे शंभर किलोमीटर पडते. त्याचे खरे विश्व म्हणजे अकलूज आणि पंढरपूर. तिथल्या महाविद्यालयात जे विषय आहेत, त्यांतूनच त्याने निवडायचे. संख्याशास्त्र, तत्त्वज्ञान, भूगर्भशास्त्र, मानसशास्त्र यांपैकी जो विषय जवळ शिकवलाच जात नाही, तो आपल्याला आवडतो की नाही हे त्या मुलाला कळणार तरी कसे? आपण ज्याला आवड म्हणतो, ती बऱ्याचदा उपलब्ध यादीतली निवड असते. म्हणून ‘त्याने स्वतःच तो विषय घेतला होता’ हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही.

आता निवडलेला विषय आणि पुढचे काम यांचा संबंध तपासू. त्यासाठी लांब जायला नको. श्रीपूर हे गाव साखरेवर उभे राहिले. बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापन केली. ते शिक्षणाने वकील होते. शेजारच्या माळीनगरचा सासवड माळी कारखाना १९३२चा. तो उभा केला मळा कसणाऱ्या शेतकऱ्यांनी. साखर उद्योगाचे शिक्षण घेतलेल्या माणसांनी हे कारखाने काढले नाहीत. कायदा, शेती, हिशेब यांत मुरलेल्या माणसांनी गरज पाहून नवे काम शिकून घेतले. आजही कारखान्यात पाहा. प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचा बी.एस्सी. लागतो, आणि तो पुढे साखर तंत्रज्ञान शिकतो ते मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत. शेतकी विभागात कृषी पदवीधर असतो, पण त्याचा निम्मा दिवस तोडणीचे वेळापत्रक, टोळ्यांचे करार आणि शेतकऱ्यांची समजूत यांत जातो, आणि यातले काहीही त्याच्या अभ्यासक्रमात नव्हते. हिशेब विभागाला एफआरपीचे (उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराचे) गणित, बँकेचे कर्ज आणि उसाचे पैसे देण्याची १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशातली चौदा दिवसांची मुदत एकाच वेळी सांभाळावी लागते. त्यात गेल्या दहा वर्षांत इथेनॉल आले. २०१४च्या सुमारास देशात पेट्रोलमधले इथेनॉल दीड टक्क्याच्या आसपास होते, ते २०२५मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे २०१४ साली अकरावीला साइड निवडणाऱ्या मुलाला साखर कारखान्याचे जे चित्र दिसत होते, ते तो कामाला लागेपर्यंत बदलले होते. आसवनीला सूक्ष्मजीवशास्त्र जाणणारा, उपकरणे सांभाळणारा, सांडपाण्याची तपासणी करणारा माणूस जास्त लागू लागला. उद्योग दहा वर्षांत कूस बदलतो, आणि आपण मात्र पंधराव्या वर्षीचा निर्णय कायमचा मानतो. यातला विसंवाद आपण ओळखला पाहिजे.

ज्ञानाच्या क्षेत्रातही विषय बदलणाऱ्यांनी मोठी भर घातली आहे. इरावती कर्वे यांनी १९२६ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली. पुढे मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात काम करून १९२८ साली त्या एम.ए. झाल्या. १९३० साली बर्लिनमधून त्यांनी मानवशास्त्रात डॉक्टरेट घेतली, तीही मानवी कवटीच्या असममितीवर. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, शारीरिक मानवशास्त्र असे हे तीन टप्पे चार वर्षांत झाले. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा १९५३चा ग्रंथ वाचताना या तिन्ही शिक्षणांचा उपयोग दिसतो: मोजमापाची शिस्त आहे, समाजाची जाण आहे आणि मूलभूत प्रश्न विचारण्याची सवय आहे. त्यांचे गुरू घुर्ये स्वतः संस्कृतचे अभ्यासक होते. पॅट्रिक गेडिस यांच्यामुळे ते समाजशास्त्राकडे वळले, इंग्लंडला गेले आणि परत येऊन १९२४पासून त्यांनी मुंबईचा समाजशास्त्र विभाग घडवला. जातिसंस्थेवर लिहिताना त्यांना धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचता आले ते संस्कृतमुळे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण त्याहून बोलके आहे. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले कोसंबी पोटापाण्यासाठी आयुष्यभर गणित शिकवत आणि संशोधत राहिले. १९४४ साली त्यांनी दिलेले एक सूत्र आनुवंशिकीत आजही त्यांच्या नावाने वापरले जाते. तेच कोसंबी प्राचीन नाण्यांकडे वळले. हजारो नाण्यांची वजने करून, झीज किती झाली याचे संख्याशास्त्र मांडून त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावायची पद्धत दिली, आणि १९५६मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा ग्रंथ लिहिला. जुना विषय सोडला म्हणजे तो वाया गेला, हे गणित या तिघांच्या बाबतीत चुकते.

इथे एक रास्त आक्षेप येईल. ही असामान्य माणसे आहेत, त्यांच्यावरून सामान्य विद्यार्थ्याचा नियम काढू नका. मला हा आक्षेप मान्य आहे. थोरांची उदाहरणे शक्यता दाखवतात, प्रमाण दाखवत नाहीत. प्रमाण पाहायचे तर मोठ्या संख्येचा अभ्यास लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राने २०११-१२ साली महाविद्यालयात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा पाठपुरावा केला आणि २०१७मध्ये निष्कर्ष छापले. मुख्य विषय जाहीर केलेल्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांनी तीन वर्षांच्या आत तो किमान एकदा बदलला होता. म्हणजे जिथे बदलाची मुभा आहे तिथे दहातले तीन जण ती वापरतात. आपल्याकडची मुले काही वेगळ्या मातीची नाहीत. आपल्याकडे तेवढ्याच प्रमाणात चुकीच्या निवडी होत असणार, फक्त त्या हजेरीपटावर दिसत नाहीत. वर्गात बसून मन नसलेल्या, एटीकेटीवर एटीकेटी घेत पुढे सरकणाऱ्या आणि तिसऱ्या वर्षी गुपचूप महाविद्यालय सोडणाऱ्या मुलांमध्ये त्या दडलेल्या असतात.

याहून नेमका पुरावा ब्रिटनमधून मिळतो. इंग्लंडमध्ये विद्यार्थी विद्यापीठात अर्ज करतानाच विषय ठरवतो आणि तीन वर्षे तोच शिकतो. स्कॉटलंडमध्ये पदवी चार वर्षांची असते. पहिली दोन वर्षे अनेक विषय घ्यायचे आणि मग मुख्य विषय पक्का करायचा. दोन्हीकडचा रोजगाराचा बाजार मात्र सारखाच. ओफर मालामुद या अर्थशास्त्रज्ञाने या दोन पद्धतींतून बाहेर पडलेल्या पदवीधरांची तुलना केली. लवकर विषय निवडणाऱ्या इंग्लंडच्या पदवीधरांचे आपल्या विषयाशी संबंध नसलेल्या नोकरीत जाण्याचे प्रमाण जास्त होते. उशिरा निवडणारे स्कॉटलंडचे पदवीधर आपल्या विषयात जास्त टिकले. हे नीट समजून घ्यावे असे मला वाटते. लवकर निवड करायला लावणारी व्यवस्था बदल थांबवू शकत नाही. ती फक्त तो पुढे ढकलते. जो बदल महाविद्यालयात दोन सत्रांच्या किमतीत झाला असता, तो नोकरीत झाला की तीन-चार वर्षांचे शिक्षण बाजूला ठेवावे लागते. आपल्याकडे अभियांत्रिकीची पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेला बसणारे आणि तिथे इतिहास किंवा समाजशास्त्र पहिल्यांदा गंभीरपणे वाचणारे तरुण पुण्याच्या अभ्यासिकांत शेकड्यांनी दिसतात. त्यांनी विषय बदललाच आहे. फक्त बापाने चार वर्षांची फी भरल्यानंतर बदलला आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो, आणि तो मी हलका मानत नाही. दार उघडे ठेवले तर मुले अवघड विषयातून सोप्याकडे पळतील. अमेरिकेच्या त्याच अहवालात गणित हा मुख्य विषय घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी तो सोडला, असे दिसते. म्हणजे भीती निराधार नाही. पण जबरदस्तीने वर्गात ठेवलेल्या मुलाचा गणिती होतो, असे कोणत्या अनुभवाने म्हणायचे? तो उत्तरपत्रिकेपुरते गणित पाठ करतो आणि निकालाच्या दिवशी विसरतो. गणित टिकवायचे तर पहिल्या वर्षीच्या गणिताच्या वर्गात चांगला शिक्षक हवा, उदाहरणे सोडवून घेणारा तास हवा. दार बंद करणे हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. बदलाला मर्यादा असावी, हे मला पटते. पहिल्या वर्षाच्या शेवटी एकदा, आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सबळ कारणाने आणखी एकदा, इतपत मुभा पुरे. मात्र बदल मागणाऱ्या मुलाशी जुन्या आणि नव्या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी बसून बोलले पाहिजे. परीक्षेला घाबरून पळणारा आणि विषय कळल्यावर वळणारा यांतला फरक अर्ध्या तासाच्या बोलण्यात कळतो. तो अर्धा तास आज कोणाच्याही वेळापत्रकात नाही.

आता पैशाकडे येतो, कारण माझ्या मते या विषयाचा गाभा तिथे आहे. भारत सरकारच्या अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीत अनेक वर्षे दोन तरतुदी होत्या. एक अशी की शिक्षणाचा एक टप्पा उत्तीर्ण झाल्यावर त्याच टप्प्यावर दुसऱ्या विषयात शिकणाऱ्याला, म्हणजे बी.ए. करून पुन्हा बी.कॉम. करणाऱ्याला, शिष्यवृत्ती मिळणार नाही. दुसरी अधिक कठोर. ज्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मंजूर झाली, त्यातला विषय किंवा संस्था राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते, संस्थाप्रमुखाने तसे कळवून ती थांबवावी, आणि दिलेली रक्कमही वसूल होऊ शकते. पहिल्या तरतुदीमागचा हेतू समजतो. सरकारी पैशावर कोणी वर्षानुवर्षे पदव्या गोळा करत बसू नये. पण दुसऱ्या तरतुदीचा परिणाम काय झाला ते पाहा. शेजारी-शेजारी बसणारे दोन विद्यार्थी, दोघांनाही पहिल्या सत्रात कळले की विषय चुकला. एकाचा बाप ऊसबिलातून पुन्हा फी भरतो आणि मुलगा दुसऱ्या विषयाला जातो. दुसऱ्याच्या आईवडिलांना रोजंदारी आहे, शिष्यवृत्ती गेली तर शिक्षणच संपते, म्हणून तो नको असलेला विषय तीन वर्षे ओढतो. समाजकल्याणाच्या नावाने दिलेला पैसाच त्याच्या पायात अडकतो. मंत्रालयातून पूर्वपरवानगी आणणे हे अठरा वर्षांच्या मुलाचे काम नाही, आणि त्याच्यासाठी ते करणारा लिपिक तालुक्याच्या महाविद्यालयात क्वचितच सापडतो. श्रीमंताच्या मुलाने विषय बदलला तर त्याला आपण स्वतःचा शोध म्हणतो. गरिबाच्या मुलाने बदलला तर तो वसुलीस पात्र ठरतो. ही विषमता मला असह्य वाटते.

शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यासाठी दार उघडे असले की काय घडते, याची साक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य अभ्यास अर्थशास्त्राचा होता, तरी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र यांचेही वर्ग त्यांनी घेतले, आणि जातीवरचा त्यांचा १९१६चा प्रसिद्ध निबंध मानवशास्त्राच्या चर्चावर्गात वाचला गेला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या वर्गात बसायला मज्जाव नव्हता, म्हणून तो निबंध लिहिला गेला. पुढे लंडनला अर्थशास्त्र आणि कायदा यांचा अभ्यास सुरू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अर्धवट परतावे लागले. लंडन विद्यापीठाने मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी दिली होती. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, पैसे साठवून, शाहू महाराज आणि मित्रांच्या मदतीने ते १९२० साली परत गेले आणि दोन्ही अभ्यास पुरे केले. पैसा थांबला तरी दार उघडे होते. आपल्या आजच्या विद्यार्थ्याला तेवढेच उघडे दार मिळावे, एवढी माझी मागणी आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हे दार कागदावर उघडले आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. मेजर आणि मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, हे शब्द आता आपल्या मुलांच्या तोंडी आहेत. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून ही रचना लागू झाली. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मधे बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मिळवलेले श्रेयांक श्रेयांक पेढीत जमा राहतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात मेजर बदलण्याचीही तरतूद आहे. पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याच व्यापक विद्याशाखेत मेजर बदलता येतो आणि त्यासाठी संस्था मंजूर संख्येपेक्षा दहा टक्क्यांपर्यंत जादा जागा निर्माण करू शकते. तरतूद चांगली आहे. तिच्या पुढचे वाक्य मात्र मला खटकते. अशा जागांवर पहिल्या वर्षी सर्वाधिक श्रेणी मिळवणाऱ्या आणि एकही विषय न राहिलेल्या विद्यार्थ्याला प्राधान्य द्यावे, असे ते वाक्य सांगते. ज्याचा विषय खरोखर चुकला आहे, त्याचेच पेपर राहतात. जो सर्व विषयांत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, त्याची बदलाची निकड सर्वांत कमी. डॉक्टरकडे निरोगी माणसाला आधी आत घेण्यासारखी ही रांग आहे. प्राधान्य श्रेणीवर न ठरवता नव्या विषयाची छोटी चाचणी आणि शिक्षकांचे मत यांवर ठरवले, तर तीच दहा टक्के जागा योग्य हातांत पडतील.

बदल ‘व्यापक विद्याशाखेत’च, या मर्यादेविषयीही बोलले पाहिजे. रसायनशास्त्रातून भौतिकशास्त्रात जाणे हा बदल लहान आहे. विज्ञानातून मराठीत किंवा अर्थशास्त्रातून संगणकशास्त्रात जाणे हाच खरा अवघड बदल, आणि मुलांना बहुधा तोच हवा असतो. अशक्य तो मुळीच नाही. तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेला मुलगा अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो, आणि बारावीला गणित असलेला बी.एस्सी. पदवीधरही तिथे जाऊ शकतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून औपचारिक शिक्षणाबाहेर पडलेल्यांना पदवीपर्यंत नेत आहे. एका वाटेवर शिकलेले दुसऱ्या वाटेवर धरायचे, हे तत्त्व या राज्याने पूर्वीच मान्य केले आहे. ते कला-विज्ञानाच्या सीमेवर लागू करायचे, एवढेच बाकी आहे. त्यासाठी उन्हाळ्याच्या सुटीत दीड-दोन महिन्यांचे पूर्वतयारीचे वर्ग लागतील. इमारत रिकामी असते, प्रयोगशाळा बंद असते. खर्च शिक्षकाच्या मानधनाचा आणि रसायनांचा.

आणखी एक अडचण आहे, जिच्याविषयी स्टाफरूममध्ये बोलले जाते आणि व्यासपीठावर टाळले जाते. अनुदानित महाविद्यालयात शिक्षकांची पदे कार्यभारावर अवलंबून असतात आणि कार्यभार विद्यार्थ्यांच्या संख्येवर. एखाद्या विषयाची मुले दुसरीकडे गेली तर त्या विषयाचा शिक्षक अतिरिक्त ठरण्याची भीती असते. मग मुलाला अडवण्यात कोणाचे तरी पोट गुंतते. वर्षानुवर्षे पदे रिक्त आहेत, तासिका तत्त्वावर काम करणारे शिक्षक महिनोन्‌महिने मानधनाची वाट पाहतात, अशा स्थितीत त्या शिक्षकाला दोष देणे मला जमणार नाही. पण शिक्षकाची नोकरी वाचवण्याची जबाबदारी अठरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यावर टाकता येत नाही. विषयबदलामुळे होणारी संख्येची घट किमान तीन वर्षे कार्यभाराच्या हिशेबात धरू नये, असा निर्णय शासनाला सहज घेता येईल. मग शिक्षक निर्भयपणे मुलाला योग्य सल्ला देतील.

पालकांचा आक्षेप सर्वांत साधा आणि सर्वांत जड आहे: नोकरीचे काय? त्याला मी सरळ उत्तर देतो. काही वाटा एका विषयाला बांधलेल्या आहेत. डॉक्टर, अभियंता, विषयशिक्षक व्हायचे तर ठरलेला विषय लागतोच, आणि तिथे उशिरा केलेला बदल महाग पडतो. पण राज्यसेवा परीक्षेच्या बहुतेक पदांना, बँकांच्या परीक्षांना, विधी महाविद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणतीही पदवी चालते. या वाटांनी जाणाऱ्याला नावडता विषय तीन वर्षे ओढायला लावण्यात नोकरीचा काहीही फायदा नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जुलै २०२४मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. शुल्काचा प्रश्न सुटला की पालकांपुढे अंतराचा आणि लग्नाच्या वयाचा प्रश्न उरतो. ‘वर्ष वाढेल’ या एका वाक्यावर मुलीचा विषयबदल नाकारला जातो, मुलाचा इतक्या सहज नाकारला जात नाही. मुलीचे एक वर्ष वाढणे हे घरावर ओझे आहे, असे मानणाऱ्या घराने तिच्या पुढच्या चाळीस वर्षांचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

शेवटी श्रीपूरला आणि या व्याख्यानमालेच्या संयोजकांना एक विनंती. धोरणे दिल्लीत आणि मुंबईत ठरतात, तरी काही गोष्टी इथेच करता येतात. तालुक्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाने मेजर बदलण्याचा नियम, जागांची संख्या आणि अर्जाची तारीख मराठीत सूचनाफलकावर लावावी. बहुसंख्य विद्यार्थ्यांना असा नियम आहे हेच माहीत नसते. इथल्या कारखान्यांनी आणि शिक्षणसंस्थांनी मिळून विषयबदलामुळे ज्यांची शिष्यवृत्ती अडते अशा विद्यार्थ्यांची एका वर्षाची फी भरणारा छोटा निधी उभा करावा. एका तालुक्यात अशी मुले फार नसतील, त्यामुळे रक्कमही आवाक्यातली राहील. विषय बदलला म्हणून शिष्यवृत्ती थांबवण्याची किंवा वसूल करण्याची तरतूद शिष्यवृत्तीच्या कोणत्याही नियमावलीत राहू नये, आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी केलेला बदल पूर्वपरवानगीशिवाय मान्य व्हावा, असा ठराव या सभेने करून समाजकल्याण विभागाकडे पाठवावा, अशी माझी सूचना आहे. आणि पालकांनो, येत्या जूनमध्ये तुमची मुलगी किंवा मुलगा घरी येऊन म्हणाला की विषय चुकला, तर आधी त्याला कारण विचारा, वर्षाचा हिशेब नंतर मांडा.